कानबाई कवय शे? : सणाचा दिवस शोधण्याविषयी

प्रस्तावना

आषाढ सरत आला की शिरपुरात सुरतेहून फोन यायला लागतात. यंत्रमागावर, साड्यांच्या दुकानात, हिऱ्याच्या कामात असलेली आपली माणसं एकच गोष्ट विचारतात, "आबा, यंदा कानबाई कवय शे?" रजा सांगायची असते, गाडीत जागा धरायची असते, लेकरांच्या शाळेचं बघायचं असतं. दिवाळीला एखादा भाऊ आला नाही तर घर चालवून घेतं. कानबाईला आला नाही तर त्याच्या नावाचा रोट तसाच राहतो, आणि ते घराला लागतं.

माझ्या लहानपणी या प्रश्नाचं उत्तर आजी द्यायची. पंचांग घरात होतं, खुंटीला टांगलेलं, पण ती ते काढायला सांगत नसे. अमावस्या कधी झाली ते तिला ठाऊक असायचं. बोटांची पेरं मोजून ती म्हणायची, "नागपंचमी व्हयनी का मंग जो आयतवार ई, तो कानबाईना." मोजणी एवढीच. पुढे थोडं वाचन झालं, जुने लेख आणि जंत्र्या हाताळता आल्या, तेव्हा कळलं की आजीच्या एका वाक्यात तीन वेगवेगळी घड्याळं एकत्र चालतात. पंचमी चंद्राची, श्रावण हा चंद्रसूर्याच्या हिशेबाचा, आणि आयतवार या दोघांशीही देणंघेणं नसलेला, सात दिवसांच्या फेऱ्यातला. ही तीन घड्याळं जिथे एका ठिकाणी येतात तो दिवस कानबाईचा.

हे पुस्तक त्या मोजणीविषयी आहे. एखादा सण कसा साजरा होतो यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. तो केव्हा होतो, कोण ठरवतं आणि दोनशे किंवा दोन हजार वर्षांपूर्वी तो केव्हा झाला असेल हे कसं काढायचं, यावर फार थोडं. मला हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. सणाच्या रीतींत नवं काही सहज मिसळतं. दिवस ठरवण्याच्या नियमात मात्र जुनं बराच काळ टिकून राहतं.

आधी कानबाईचंच बघू. खान्देशाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. रविवारी घर सारवून, केळीचे खांब बांधून, चौरंगावर कानबाई बसते. बहुतेक घरांत ती नारळाची असते. परंपरेने चालत आलेलं ते नारळ, त्याला डोळे, नथ, अंगावर दागिने आणि साज. नैवेद्याला पुरण, खीर आणि गंगाफळाची भाजी. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या, अगदी पाळण्यातल्या पोराच्याही नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घेतलेले असतात आणि त्या पिठाचे रोट होतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या. सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन, वाजतगाजत, नदीवर विसर्जन. आमच्याकडे अरुणावतीवर. तो दळणाचा गहू मोजण्याचा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. आई एकेक नाव घेई, मूठ सुपात पडे, आणि वर चिमूटभर 'सव्वा'साठी. त्या वर्षी कोण जन्मलं, कोण गेलं याची ती नोंदच असे. कागदावर न लिहिलेली वंशावळ गव्हात मोजली जायची.

आता दिवस. २०२४ मध्ये श्रावण ५ ऑगस्टला, सोमवारी लागला. नागपंचमी शुक्रवारी, ९ ऑगस्टला. पुढचा रविवार ११ ऑगस्ट. कोणाचंच दुमत होण्याचं कारण नव्हतं, कारण श्रावणाचा पहिला रविवारही तोच. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, श्रावण २५ जुलैला शुक्रवारी लागला आणि नागपंचमी मंगळवारी, २९ जुलैला आली. 'श्रावणाचा पहिला रविवार' म्हणणाऱ्याचा दिवस २७ जुलै, 'पंचमीनंतरचा रविवार' म्हणणाऱ्याचा ३ ऑगस्ट. हे दोन्ही नियम लोकांच्या तोंडी आहेत आणि बोलताना कोणी त्यांत फरक करत नाही. फरक मात्र आहे. रविवार शुद्ध षष्ठी-सप्तमीच्या सुमारास आला तर दोन्ही नियम एकत्र येतात. त्याआधी आला की आठवड्याचं अंतर पडतं. म्हणजे साधारण सात वर्षांतून पाच वर्षं हे दोन नियम वेगवेगळा रविवार दाखवतात. उद्या एखाद्या अभ्यासकाला जुन्या पत्रात 'कानबाई श्रावणातल्या पहिल्या आयतवारी' एवढंच वाक्य सापडलं, तर त्याने तारीख काढण्यापूर्वी त्या घराचा नियम विचारला पाहिजे.

२०२३ साल तर पाठच करून ठेवावं असं आहे. त्या वर्षी श्रावण अधिक होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. अधिकात कानबाई बसवायची नाही, म्हणून सगळं निज श्रावणात गेलं. निजातली नागपंचमी सोमवारी, २१ ऑगस्टला. पुढचा रविवार थेट २७ ऑगस्ट, आणि त्या दिवशी एकादशी! ज्या घरात एकादशीचा उपास कडक, त्या घरात रोटाचं काय करायचं? शास्त्राचे ग्रंथ बघावेत, तर निर्णयसिंधू १६१२ चा, धर्मसिंधू १७९० च्या सुमारास पंढरपुरात लिहिलेला. सूर्योदयाला कोणती तिथी धरायची, वेध कोणता, क्षयतिथीला काय करायचं, यांचा किती काटेकोर विचार त्यांत आहे! कानबाईचा निर्णय मात्र घरातल्या म्हाताऱ्या बायांनी केला आणि तो सुनेला तोंडी दिला.

या अधिक श्रावणाची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. २००४ मध्येही श्रावण अधिक होता आणि तोही १८ जुलै ते १६ ऑगस्ट असाच. एकोणीस वर्षांनी चंद्र आणि सूर्य जवळजवळ त्याच जागी परत भेटतात. २३५ चांद्रमास म्हणजे १९ सौरवर्षं, चुकतात ते फक्त दोनेक तास. त्या एकोणीस वर्षांत सात महिने जास्तीचे घालावे लागतात. ग्रीसमध्ये हा हिशेब मेटन नावाच्या ज्योतिष्याच्या नावावर आहे. इसवी सनापूर्वी ४३२ मध्ये त्याने तो अथेन्समध्ये मांडला. बाबिलोनच्या लोकांनाही तो ठाऊक होता. आपल्या अंगणात दोनदा घडून गेलेली गोष्ट अशी थेट अथेन्सपर्यंत पोचते, म्हणून या पुस्तकात ग्रीक सणांचं एक मोठं प्रकरण घेतलं आहे.

ग्रीकांचे महिनेही अमावस्येनंतर चंद्रकोर दिसली की सुरू होणारे, आणि अथेन्सचं वर्ष उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसानंतरच्या अमावस्येपासून. अथीना देवीचा पानाथेनाया हा त्यांचा मोठा उत्सव पहिल्या महिन्यात, हेकाटोम्बायऑनच्या २८ व्या दिवशी. एवढं पक्कं माहीत असूनही तारीख सांगता येत नाही. जुलैअखेर ते ऑगस्टअखेर कुठेही. कारण आपल्याकडे अधिक मास कधी घालायचा हे गणित ठरवतं, ज्या चांद्रमासात संक्रांत पडत नाही तो अधिक. अथेन्समध्ये ते माणसं ठरवत. मेटनचा हिशेब गावात उपलब्ध असूनही अधिकारी महिना वाढवत, दिवस वाढवत, दिवस गाळत. आरिस्टोफानीसच्या 'ढग' या इसवी सनापूर्वी ४२३ च्या नाटकात चंद्रच तक्रार करतो की तुम्ही दिवसांचा गोंधळ घालता आणि देव सणाला येऊन उपाशी परत जातात. पुढे तर शिलालेखांत एकाच दिवसाच्या दोन तारखा लिहिण्याची वेळ आली, एक 'अर्खोनप्रमाणे', म्हणजे अधिकाऱ्याप्रमाणे, आणि दुसरी 'देवाप्रमाणे', म्हणजे चंद्राप्रमाणे. एक पाटलाचा दिवस आणि एक आभाळाचा.

याचं टोक म्हणजे देमेत्रिऑस राजाची गोष्ट, प्लुटार्कने सांगितलेली. एलेउसिसच्या गूढ व्रताची दीक्षा दोन टप्प्यांत होई, एक अँथेस्टेरिऑन महिन्यात, दुसरी बोएड्रोमिऑनमध्ये. राजा आला मुनिखिऑनमध्ये आणि त्याला सगळं एका झटक्यात हवं होतं. मग अथेन्सच्या सभेने ठराव केला की चालू महिन्याला अँथेस्टेरिऑन म्हणावं, आणि विधी होताच त्यालाच बोएड्रोमिऑन म्हणावं. विरोध केला एकट्या मशालधारी पुजाऱ्याने, पिथोडोरॉसने. ठराव झालाच. अशा गावचा सण पंचांगाच्या गणिताने शोधायला जाणारा माणूस फसणारच. त्याने सभेचे ठराव वाचायला हवेत.

दुसरा धडा ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसकडून. इसवी सनापूर्वी ४२१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात तह झाला. त्याने दोन्ही गावांच्या तारखा दिल्या आहेत. स्पार्टाच्या आर्टेमिसिऑस महिन्याचा २७ वा दिवस, तोच अथेन्सच्या एलाफेबोलिऑनचा २५ वा. दिवस एक, नावं दोन, आणि चंद्र तोच असताना मोजणीत दोन दिवसांचं अंतर.

शिरपूरच्या माणसाला याचं नवल वाटू नये. आमच्या गावापासून मुंबई-आग्रा रस्त्याने पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश. पलीकडे सेंधव्याला महिना पौर्णिमेला संपतो, अलीकडे अमावस्येला. म्हणून त्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. गोकुळाष्टमी आमच्या पंचांगात श्रावण वद्य अष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. बाळकृष्ण पाळण्यात बसतो एकाच रात्री. नागपंचमी शुद्ध पक्षातली, म्हणून तिचं नावही दोन्हीकडे एकच राहतं. आणि सुरतेकडे नवं वर्ष कार्तिकात. ज्या तालुक्यात बायका लेकी देतात सेंधव्याला, मुलं कामाला जातात सुरतेला आणि पंचांग घेतात महाराष्ट्राचं, तिथे 'कोणत्या मोजणीने?' हा प्रश्न विद्वानांआधी व्याह्यांना पडतो.

महाराष्ट्रातही एकच मोजणी नाही. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्या अयनांशात, म्हणजे राशींची सुरुवात कुठून मोजायची यात, सुमारे चार अंशांचा फरक आहे, त्यामुळे संक्रांत तीनचार दिवस मागेपुढे होते, आणि एखाद्या वर्षी अधिक मासच दुसऱ्या महिन्याला लागतो. अशा वर्षी कोकणातल्या काही घरांत गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतात. मोजणी बदलली की महिना बदलतो, हेच मॅरेथॉनच्या लढाईचंही झालं आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलं की स्पार्टाचे लोक पौर्णिमेआधी निघू शकत नव्हते. जर्मन पंडित बॉख यांनी एकोणिसाव्या शतकात त्यामागचं कारण स्पार्टाचा कार्नेया उत्सव असं धरून अथेन्सच्या महिन्यांवरून लढाई इसवी सनापूर्वी ४९० च्या १२ सप्टेंबरला बसवली. २००४ मध्ये टेक्सासच्या खगोल अभ्यासकांनी म्हटलं की मोजणी स्पार्टाची करायला हवी. त्या वर्षी स्पार्टाचं पंचांग एका महिन्याने पुढे होतं, म्हणून दिवस १२ ऑगस्ट. मला हा दुसरा युक्तिवाद अधिक पटतो. ज्याचा सण त्याचं पंचांग, ही साधी गोष्ट त्यात पाळली आहे.

आता दगडाकडे येतो. आमच्याच खान्देशात, चाळीसगावजवळ पाटणे इथे भवानीच्या देवळात एक शिलालेख आहे. भाऊ दाजींनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, हा त्याचा विषय. दान केव्हा दिलं? शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाच्या वेळी. आता हिशेब करून पाहा. शके ११२८ म्हणजे इसवी सन १२०६-०७. पण प्रभव हा साठ संवत्सरांतला पहिला. अलीकडे तो १९८७ च्या पाडव्याला लागला. तिथून साठ साठ वर्षांच्या तेरा फेऱ्या मागे गेलं की १२०७ येतं. आकडा एक सांगतो, संवत्सराचं नाव दुसरं. अभ्यासकांनी नावाला मान दिला आणि ग्रहणाचा दिवस ९ ऑगस्ट १२०७ असा धरला. ज्या घराण्याने हिंदुस्थानाला गणित शिकवलं त्याच्या मठाच्या दगडावरही आकडा एका वर्षाने हलतो, हे मी मुद्दाम सांगतो. आकडा चुकणं माणसाचं आहे. म्हणूनच जुने लोक एका साक्षीवर थांबत नसत. शक, संवत्सर, मास, तिथी, जमलं तर वार, ग्रहण, सगळं लिहीत. एक साक्षीदार अडखळला तर दुसरा बोलतो.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी जुन्या तारखा तपासण्याचं हे शास्त्र आपल्या हाती दिलं. १८९६ मध्ये त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास निघाला आणि त्याच वर्षी सेवेल यांच्याबरोबर केलेली भारतीय पंचांगाची कोष्टकं. त्या कोष्टकांनी कोणालाही, अगदी तालुक्याच्या गावी बसून, हजार वर्षांपूर्वीची तिथी इंग्रजी तारखेत आणता येऊ लागली. आज संगणक ते क्षणात करतो. पण कोणता नियम लावायचा हे संगणकाला सांगावं लागतं, आणि तो नियम घराघरांत आहे.

कानबाईच्या बाबतीत वारानेच एक मोठी साक्ष दिली आहे. तिच्या दिवसाचा नियम वारावर टेकलेला आहे. भारतात वारासह मिळालेली सर्वांत जुनी पक्की नोंद मध्य प्रदेशातल्या एरणच्या खांबावर आहे, बुधगुप्ताच्या काळची, गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. इसवी सन ४८४. त्याआधीचे शेकडो लेख ऋतू, पक्ष, तिथी देतात, वार देत नाहीत. अभिजात काळच्या ग्रीकांकडेही सात दिवसांचा आठवडा नव्हता. मग 'पंचमीनंतरचा आयतवार' हा नियम या रूपात वाराच्या चलनापेक्षा जुना असू शकत नाही. देवी जुनी असेल, फार जुनी असेल; तिचा रविवार नंतरचा. रविवारच का, याचं उत्तर शेजारी शोधावं लागतं. निमाडच्या गणगौरीत रणुबाई ही सूर्याची, धणियरराजाची राणी. गुजरातेत रांदल सूर्यपत्नी. आमच्याकडे कानबाईबरोबर रानबाईचं नाव घेतात आणि कानबाईचं लग्न कन्हेरशी लावतात. त्या कन्हेरला कोणी कान्हा म्हणतं, कोणी सूर्य. सूर्य धरला तर आयतवार आपोआप जुळतो. माझा कल याच बाजूला आहे, आणि का ते तिसऱ्या प्रकरणात सविस्तर मांडलं आहे.

वाराची ताकद बघायची तर होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याशी यावं. पावरा समाजाचा भोंगऱ्या बाजार. होळी पौर्णिमेची, म्हणजे चंद्राची. भोंगऱ्या मात्र ज्या त्या गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, होळीपूर्वीचा शेवटचा बाजार तो भोंगऱ्या. एका गावी सोमवार, दुसऱ्या गावी गुरुवार. ढोल, पावरी, फुटाणे-गूळ, हार-कंगण, नवे कपडे, आणि डोंगरातून उतरणारी माणसं. आता समजा एखाद्या गावाने बाजाराचा वार बदलला. त्या गावचा भोंगऱ्या त्याच वर्षी सरकतो, चंद्राने काहीही केलेलं नसताना. शंभर वर्षांनी कोणी या सणाची तारीख शोधेल तेव्हा त्याला पंचांगाइतकंच बाजाराच्या लिलावाचं दप्तर लागेल. आणि पावऱ्यांची दिवाळी तर गाव ठरवतं. पाटील, पुजारा आणि जाणती माणसं बसतात, दिवस बोलतात, तो त्या गावचा. शेजारच्या गावचा वेगळा, म्हणून पाहुणे दोन्हीकडे जाऊ शकतात. याला 'नियम नाही' म्हणणारे अभ्यासक मी वाचले आहेत. ते मला मान्य नाही. चारचौघांनी बसून दिवस बोलणं हाच इथला नियम. अथेन्सजवळच्या एर्खिया नावाच्या खेड्याचा असाच एक शिलालेख सापडला आहे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, पाच रकान्यांचा. प्रत्येक रकान्यात महिना, दिवस, देव, जागा, बळीचं जनावर आणि त्याची किंमत. राजधानीच्या सणांहून वेगळे, त्या खेड्याचे स्वतःचे दिवस. त्या लोकांनी ते दगडावर खोदून ठेवले म्हणून आज त्यांच्याविषयी खात्रीने बोलता येतं.

आमच्याकडे दगड नाही. आमच्याकडे ज्या बाईला पेरांवर मोजणी येते ती बाई आहे, आणि तिचं वय झालं आहे. सुरतेतली पुढची पिढी आता फोनही करत नाही. मोबाईलवर जी तारीख फिरते ती धरते. ती तारीख बहुधा बरोबर असते. पण तिच्यामुळे पंचमीनंतरचा रविवार आणि श्रावणाचा पहिला रविवार यांतला भेद पुसला जातो, अधिकात काय करायचं, सुतक आलं तर कोणता रविवार घ्यायचा, नागपंचमीच रविवारी आली तर तोच दिवस की पुढचा, ही घराघरांची उत्तरं नाहीशी होतात. पुढच्या प्रकरणांत शिरपूर, चोपडा, अमळनेर, शिंदखेडा भागातल्या घरांकडून जेवढी मिळाली तेवढी मी लिहून काढली आहेत. ती थोडी आहेत.

म्हणून वाचकाला एक विनंती. यंदा कानबाईला घरी गेलात की गहू मोजून झाल्यावर पाचेक मिनिटं काढा. घरातल्या सर्वांत जाणत्या बाईला विचारा की दिवस कसा धरायचा आणि अडचण आली तर काय करायचं. ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत, अहिराणीत, वहीत उतरवून घ्या. शेजारी त्या दिवसाची तिथी, वार आणि तारीख, तिन्ही लिहा. वही देवघरात ठेवा, आणि पुढच्या श्रावणात तिच्यात आणखी एक ओळ घाला.